चार आली, तीन गेली

बारा वर्षांपूर्वीच्या विजयादशमीला, सकाळची आंघोळ करून ओल्या केसांनी, मी देवीसमोर पूजेत ठेवलेल्या एका गाठोड्याची गाठ सोडली, त्यातले एक पुस्तक काढून घेतले आणि गाठ पुन्हा होती तशी बांधली. गाठोडे माझे नव्हते. समई जळत होती आणि बाहेर अजून कोणी आले नव्हते. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे दस्तलेखक सुलैमानने मला दोनदा सांगितले. पण पुढचे सगळे त्या सकाळमुळे लिहावे लागत आहे, म्हणून ती आधी.

आता रीतीप्रमाणे. मी, पडिंजारेक्करा घरचा दिवाकरन, वडील कैलासवासी चात्तुण्णी, वय एकोणपन्नास, धंदा शिवणकाम, राहणार चेम्मण्कुन्न, तालुका ओट्टप्पालम, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, रक्तदाबाची एक गोळी सोडली तर मला औषध नाही, आणि धमकावून किंवा गोड बोलून कोणी हे माझ्याकडून लिहून घेतलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. शिक्षण गावच्या शाळेत दहावीपर्यंत झाले. भाषेत चूक असेल तिथे अर्थ पाहावा.

एक. राहते घर, भोवतालची अकरा सेंट (सुमारे साडेचार गुंठे) जमीन, त्यातले तीन माड आणि फणस, तसेच सहकारी बँकेतली शिल्लक, हे सर्व माझी पत्नी रुग्मिणी हिला मिळावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. माझ्या वाटणीचे निस्तरायची तिला सवय आहे.

दोन. दुकानातली दोन शिलाई यंत्रे, तीन कात्र्या, कोळशाची जुनी आणि विजेची नवी इस्त्री, हेही रुग्मिणीला. दुकानाच्या पाटीवर माझे नाव असले तरी गेली पंधरा वर्षे ब्लाऊज तीच शिवते. बायका माप द्यायला येत तेव्हा मी मागे बसून पुस्तकांना कव्हरे शिवत असे आणि त्या बाहेर जाऊन, एट्टन म्हणजे दादा लावून, म्हणत, "दिवाकरेट्टनचा हात काय बसलाय!" मी कधी त्यांना दुरुस्त केले नाही. हे लहान आहे, पण याच जातीचे आहे म्हणून लिहिले.

तीन. मुलगी नीतू, सध्या नोकरीनिमित्त कोइंबतूर. तिने माझ्या संग्रहातली तिला हवी ती वीस पुस्तके आधी निवडून घ्यावीत. मागे तिला विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "अच्छन, तुमच्या पुस्तकांना डांबरगोळ्यांचा वास येतो. मी फोनवर वाचते." एकही घेतले नाही तरी माझी तक्रार नाही.

चार. मेहुणा विजयन याने माझे एक पुस्तक चार वर्षांनी परत आणले, ते साठाव्या पानापासून केळ्याच्या वेफर्सच्या तेलाने पारदर्शक झालेले. "वाचलं म्हणून डाग पडले, नुसतं ठेवलं असतं तर पडले असते का?" असे वर मलाच विचारले. मी नऊ वर्षे त्याच्या घरी सणाला जेवलो नाही. ते पुस्तक विजयनला द्यावे. त्याला लाज वाटावी म्हणून हे कलम मी सर्वांत आधी लिहिले होते. आता सात नंबरचे कलम लिहून झाल्यावर परत वाचतो आहे आणि दुसऱ्याला लाज वाटावी असे म्हणायला मी कोण, हे मला कळत नाही. तरी पुस्तक त्यालाच द्यावे. त्याने निदान ते वाचले.

पाच. माझा पुस्तकसंग्रह. यादीप्रमाणे आज दोन हजार तीनशे चौदा पुस्तके.

पहिले पुस्तक सौदामिनी टीचरांनी मला तिसरीत दिले. त्या माझ्या वर्गशिक्षिका. पाटी न फोडता वर्ष काढले म्हणून ते बक्षीस होते. पुढे धंद्याला लागल्यावर मी शिलाईच्या बदल्यात पुस्तके घेऊ लागलो. भंगारवाला हम्सा मंगळवारी रद्दीचे पोते माझ्यासाठी ओट्यावर उघडत असे. एखाद्या घरचे वाचणारे माणूस गेले की मी सांत्वनाला जाई, खाली मान घालून बसे, आणि माझी नजर कपाटाच्या काचेवर असे. सोळाव्या दिवसाचे विधी झाल्यावर मी पुन्हा जाई, तेव्हा मुले म्हणत, "तुम्हालाच काय ते यातलं कळतं, न्या तुम्ही." त्यात चोरी नव्हती. पण मी रडणाऱ्यांकडे नीट पाहिले नाही.

मांडणी अशी आहे. शिवणातून उरलेल्या कापडाची कव्हरे मी प्रत्येक पुस्तकाला शिवली. शाळेच्या गणवेशाचे निळे चौकडीचे कापड गोष्टी आणि कादंबऱ्यांना. खाकी कापड इतिहास, शेती, वैद्यक यांना. लाल नाटकांना. मुंडूचे, म्हणजे नेसायच्या लुंगीचे, पांढरे कापड स्तोत्रे आणि पूजाविधींना. कण्यावर चौकोनी चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा, आणि आकडा कोणत्या पुस्तकाचा हे यादीच्या वहीत. "दिवाकरेट्टनची पुस्तकं गणवेश घालून शाळेत बसलीत," असे लोक हसत. कव्हर चढले की पुस्तक कुठले, कोणाचे, हे माझ्याशिवाय कोणाला कळत नसे. सुरुवातीला कव्हर वाळवीसाठी होते. नंतर नुसते वाळवीसाठी राहिले नाही.

नीतूची वीस सोडून हा संग्रह गावच्या वाचनशाळेला द्यावा. अट एकच. स्वीकारण्याआधी प्रत्येक कव्हर उसवावे, पहिले पान पाहावे, आणि तिथे दुसऱ्याचे नाव असेल ते पुस्तक त्याच्या घरी पोचते करावे. अशी अकरा मला स्वतःला आठवतात. त्यांची नावे या कागदाला जोडली आहेत. "अजून वाचतोय," असे सांगून मी ती ठेवून घेतली आणि मालक मागायचे थांबले.

वाचनशाळेचे चिटणीस पद्मनाभन यांच्याशी मी अठरा वर्षे बोललो नाही. त्यांनी मला समितीवर घेतले नाही म्हणून. तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "दिवाकरा, तुला पुस्तकं हवी असतात, वाचणारे नको असतात." दहावी शिकलेला शिंपी म्हणून त्यांनी मला हिणवले, असे मी घरी येऊन सांगितले. ते तसे काही म्हणाले नव्हते. जे म्हणाले ते खरे होते.

सहा. माझ्यामागे सोळाव्या दिवसाचे जेवण साधे असावे. कोणी माझ्या कपाटाकडे पाहत बसले तर त्याला चहा द्यावा.

सात. हे कलम आधी दोन ओळींचे होते. "पांढऱ्या कव्हरातील क्रमांक एकशे सात हे पुस्तक माझ्या मृत्यूनंतर सौदामिनी टीचर किंवा त्यांचे वारस यांना द्यावे." एवढेच. ते रद्द करून खालील मजकूर लिहीत आहे.

देवीचे देऊळ आमच्याकडून नदीपलीकडे. म्हणून आमच्या बाजूची घरे दुर्गाष्टमीच्या संध्याकाळी आपापली पुस्तके माझ्या घरी पूजेला आणून ठेवतात. वडिलांच्या वेळेपासून असे आहे. नवमीला कोणी वाचत नाही, लिहीत नाही, माझ्या कात्र्यासुद्धा देवीपुढे असतात. विजयादशमीच्या सकाळी पूजा उतरली की जो तो आपले गाठोडे घेऊन जातो. घोटाळा नको म्हणून मी वही ठेवली. कोणाची किती आली, किती गेली. त्या वहीवर माझ्यापेक्षा लोकांचा जास्त विश्वास होता. दोन पोरांत एका भूगोलावरून भांडण लागले तरी आया म्हणत, "दिवाकरेट्टनची वही बघा."

टीचरांच्या गाठोड्यात दरवर्षी चार पुस्तके येत. त्यातले एक त्यांचे दिवंगत यजमान रामुण्णी मास्तर यांनी केलेले. भात रोवताना बायका म्हणतात ती गाणी मास्तरांनी बांधावर बसून उतरून घेतली आणि स्वतःच छापून घेतली होती. दोनशे प्रती काढल्या, त्यातली ही एकच राहिलेली, मास्तरांच्या पेन्सिलीच्या दुरुस्त्यांसकट. त्यातल्या तेरा गाण्यांखाली "नीलीकडून ऐकले" असे छापले आहे. नीली टीचरांच्या शेतावर रोवणीला होती. तिची मुलगी वत्सला टीचरांच्या घरी स्वयंपाकपाणी बघे, एकोणीस वर्षे. गाठोडे न्यायला तीच येई.

मी ते पुस्तक टीचरांकडे तीनदा मागितले होते. "मला द्या, मी जपेन. तुमच्याकडे वाळवी लागेल."

त्या म्हणाल्या, "दिवाकरा, ते मास्तरांचं आणि नीलीचं. मी कोण देणारी?"

मग मी ते घेतले. नक्कल करून परत ठेवू, असे त्या सकाळी मनाशी म्हटले होते. नक्कल केली नाही. वहीत "चार आली, चार गेली" असे लिहिले आणि तासाभराने वत्सलाच्या हातात गाठोडे दिले. नवमी संपलेली नव्हती म्हणावी इतक्या लवकर मी पूजेतल्या पुस्तकाला हात लावला, हेच मला तेव्हा मोठे पाप वाटले होते. त्यासाठी मी देवीला तेल वाहिले.

त्याच दुपारी टीचरांचा मुलगा दुकानात आला. रजेवर आला होता. वत्सला मागे पायरीखाली उभी.

"दिवाकरेट्टा, आईच्या गाठोड्यात तीनच निघाली. तुमच्याकडून किती गेली?"

मी वही उघडून त्याच्यापुढे धरली.

वत्सला म्हणाली, "मी वाटेत घरी थांबले होते. दरवर्षी थांबते. आईला तिचं नाव दाखवायला. तिला वाचता येत नाही, पण नाव कुठं आहे ते तिला माहीत आहे, त्याच्यावर बोट ठेवते. आज सोडलं तर त्यात ते पुस्तकच नव्हतं. मला वाटलं, टीचरनी यंदा ठेवलं नसेल."

"म्हणजे वाटेत गाठोडं सोडलंस?"

"हो."

"झालं तर मग," तो म्हणाला.

तिने थांबल्याचे सांगितले नसते तर कोणाला कळले नसते. तिने माझ्याकडे पाहिले. "दिवाकरेट्टा, तुम्ही स्वतः मोजली होती?"

मी म्हणालो, "मोजूनच दिली, वत्सले."

आठवड्यात तिचे काम सुटले. तिने पुस्तक रद्दीत घातले असे गावात झाले. हम्साने शपथ घेऊन सांगितले की असले पुस्तक त्याच्या पोत्यात आले नाही, तर लोक म्हणाले, "मग दुसऱ्या भंगारवाल्याला दिलं असेल." तिला कोणी वर्षभर घरात कामाला घेतले नाही. पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, तेही मुख्याध्यापक बाहेरगावचे होते म्हणून. मी पुस्तकाला पांढरे कव्हर शिवले आणि स्तोत्रांमध्ये ठेवले, कारण माझ्याकडून स्तोत्रे वाचायला कोणी नेत नाही. दरवर्षी माझी पुस्तके देवीपुढे मांडताना तेही मांडले. एवढे करून बारा वर्षांत मी ते दोनदाच वाचले. माझ्याकडे आहे, एवढे मला पुरत होते.

नीली सहा वर्षांपूर्वी गेली. मी सांत्वनाला गेलो. वत्सलाने मला काळा चहा दिला आणि मी तो प्यायलो.

गेल्या महिन्यात हे मृत्युपत्र घेऊन मी सुलैमानकडे गेलो. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, कलमे भराभर वाचत होता, सातव्यापाशी थांबला. त्याला काही माहीत नव्हते, मी सांगितलेही नाही. पण दस्त लिहिणाऱ्याला वास येतो.

"टीचरांचं वय काय हो, दिवाकरेट्टा?"

"त्र्याऐंशी."

"आणि तुमचं?"

मी सांगितले.

"मग हे कसं जमायचं? तुम्ही टीचरांच्या आधी जायचं ठरवलंय का?" तो हसत होता. मग माझा चेहरा पाहून त्याने हसणे थांबवले आणि चष्मा पुसत बसला.

वारस हा शब्द मी त्यासाठीच घातला होता. टीचर जाव्यात, मग मी जावे, आणि मग ज्याला काही आठवत नाही अशा कोणाच्या तरी हातात ते पुस्तक पडावे, अशी माझी व्यवस्था होती. रोज दोन वेळा दिवा लावणाऱ्या माणसाची. हे मला तिथे, सुलैमानच्या बाकावर, कागद मांडीवर असताना कळले असे म्हणणार नाही. आधीपासून ठाऊक होते. दुसऱ्याने वाचल्यावर ते मला झाकता येईना.

मी आधी वत्सलाकडे गेलो. दुपारचे जेवण आटपून ती शाळेमागे मुगाचे पातेले घासत होती. मी उभ्याउभ्या सगळे सांगितले. तिने पातेले घासून संपवले, विसळले, पालथे घातले.

"कुठं होतं?"

"माझ्याकडे. स्तोत्रांत."

"आई गेली तेव्हा?"

"तेव्हाही."

"आणि मी चहा दिला तुम्हाला," ती म्हणाली. मी सांगितले की माझे मृत्युपत्र होते आहे, त्यात तिच्यासाठी काहीतरी ठेवावे असे माझ्या मनात आहे, एक शिलाई यंत्र...

"गप्प बसा, दिवाकरेट्टा." ती ओरडली नाही. "टीचरकडे कधी जाताय?"

"तू म्हणशील तेव्हा."

"आत्ता. मी हात धुते."

टीचरांना आता नीट दिसत नाही. त्या व्हरांड्यात बसल्या होत्या. मी पुस्तक हातात दिले. त्यांनी कापडावरून बोटे फिरवली. "ह्याला कपडे कोणी घातले?"

"मी, टीचर." खिशात कात्री होती. त्यांच्या पायाशी बसून मी शिवण उसवली आणि पुस्तक परत दिले. त्यांनी आतली पाने चाचपली, नाकाशी नेले, आणि मग काही विचारायची गरज राहिली नाही. तरी मी सांगितले. वत्सला पायरीवर उभी होती, बारा वर्षांनी.

टीचर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वत्सले, तू त्या दिवशी खरं सांगितलं होतंस."

"हो, टीचर."

"मला वाटलं होतं तसं. पण वहीत लिहिलेलं होतं." मग पुस्तक तिच्यापुढे धरून म्हणाल्या, "घरी घेऊन जा हे."

"आता घरी नेऊन कोणाला दाखवू?" वत्सला म्हणाली.

यावर टीचर रडल्या. शाळेत असताना मी त्यांना कधी रडताना पाहिले नव्हते. मी उठलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "दिवाकरा, पुढच्या वर्षी माझी पुस्तकं तुझ्याकडे येणार नाहीत." मी हो म्हणालो. पुस्तक तिथेच राहिले. दर रविवारी वत्सला जाऊन त्यांना त्यातले वाचून दाखवते असे रुग्मिणीकडून कळते. मला त्याबद्दल विचारायचा हक्क नाही.

फाटकाबाहेर वत्सला मला म्हणाली, "हे टीचरच्या व्हरांड्यात राहील. मला चोर व्हरांड्यानं नाही म्हटलं, गावानं म्हटलं."

"मग काय करू?"

"तुमचं तुम्ही बघा. शिकलेले आहात. पण पुस्तक परत दिलं म्हणून त्या कागदातलं कलम गाळू नका, खरं काय ते लिहा. आणि मला काही ठेवू नका. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीला सही करायची नसते ना? मला सही करायची आहे."

त्याप्रमाणे मी पूजेच्या वहीत त्या वर्षाच्या पानावर, टीचरांच्या नावासमोरची ओळ रेघ मारून खोडली. खाली लिहिले: चार आली, तीन गेली, एक मी ठेवले. सही केली. ती वही वाचनशाळेच्या टेबलावर, कोणालाही चाळता येईल अशी ठेवली आहे. यापुढे पूजेची वही कोणी दुसऱ्याने ठेवावी.

सबब या कलमाने देण्यासारखे माझ्याकडे आता काही नाही. कलम मात्र तसेच राहील.

आठ. पद्मनाभन यांच्या परवानगीने आज रविवारी वाचनशाळेत सभा बोलावली. त्यांनी इतकेच विचारले, "किती वेळ लागेल?" मी म्हणालो, पंधरा मिनिटे. एकतीस माणसे आली. हम्सा मागच्या बाकावर होता. रुग्मिणी पुढे बसली होती. तिला मी हे घरी चार दिवस आधी सांगितले आणि ती चारही दिवस माझ्याशी बोलली नाही, पण आली. सातवे कलम मी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत उभा राहून मोठ्याने वाचले. कोणी पाणी दिले नाही आणि ते बरोबरच होते. वाचून झाल्यावर कागद टेबलावर ठेवला आणि हे आठवे कलम तिथेच लिहिले; आता खाली मी सही करतो आहे, आणि साक्षीदार माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या करत आहेत.

ठिकाण: वाचनशाळा, चेम्मण्कुन्न
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: पी. सी. दिवाकरन (सही)

साक्षीदार:
१. वत्सला, आई कैलासवासी नीली, शाळेत स्वयंपाकीण. मी हे ऐकले आणि स्वतः वाचलेही. (सही)
२. पद्मनाभन, चिटणीस, वाचनशाळा (सही)

दस्तलेखक: सुलैमान (सही)